शूटिंगचा क्लास लावताय? टार्गेट राहू दे, आधी कोच कुठं बघतोय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा होता: मुलगी १२ वर्षांची, पॅरिस ऑलिम्पिकमधली मनू भाकरची मॅच बघितल्यापासून पिस्तूल शिकायचंच म्हणून घर डोक्यावर घेतलंय. जवळपास तीन ठिकाणं आहेत, एक सोसायटीच्या बेसमेंटमधलं, एक मोठं एसीवालं इलेक्ट्रॉनिक टार्गेटचं आणि एक जुन्या शाळेच्या हॉलमध्ये रिटायर्ड सुभेदार चालवतात ते. आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही, तर शिकवणं चांगलं आहे की नाही हे ओळखायचं कसं? आणि मेव्हण्याने नुकतंच पिस्तुलाचं लायसन्स काढलंय, तोही तिथंच शिकू शकेल का?

मी स्वतः बरीच वर्षं एअर पिस्तूल मारलं, स्टेट नॅशनल खेळले, मेडल फार नाही मिळाली, आणि गेली १८-१९ वर्षं पोरांना शिकवतेय. त्यामुळे जरा मोठं उत्तर होईल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे कुठल्याही अकॅडमीत जाऊन "तुमची किती पोरं नॅशनलला गेली" हे विचारू नका. सगळेच भिंतीवर फोटो लावतात, त्यातली निम्मी पोरं दुसरीकडे शिकून आलेली असतात. त्यापेक्षा एक तास मागे खुर्ची टाकून बसायची परवानगी मागा. बसू देत नसतील तर तिथूनच परत या, विषय संपला. बसू दिलं तर पोरांकडे बघू नका, कोचकडे बघा. पोरगं शॉट मारतंय तेव्हा कोचची नजर कुठं आहे? टार्गेटवर किंवा स्क्रीनवर असेल तर तो फक्त स्कोअर वाचतोय, आणि स्कोअर तुम्हालाही वाचता येतो की. पोराच्या ट्रिगरच्या बोटाकडे, मनगटाकडे, खांद्याकडे, श्वासाकडे, आणि शॉट सुटल्यावर हात लगेच खाली पडतोय का तिथंच थांबतोय याकडे नजर असेल तर तो शिकवतोय. माझ्या मते निम्मा निकाल इथंच लागतो.

असं का म्हणते ते पिस्तुलाच्या साध्या गणितावरून सांगते. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर मधली दहा गुणांची रिंग ११.५ मिलिमीटर व्यासाची असते आणि प्रत्येक रिंग ८ मिलिमीटरने बाहेर जाते. पेलेट, म्हणजे त्यातली छोटी गोळी, ४.५ मिलिमीटरची. आता हात हलला आणि अख्खं पिस्तूल जसंच्या तसं ५ मिलिमीटर बाजूला सरकलं, पण पुढची साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी) मागच्या साईटच्या खाचेत बरोबर मधोमध आहे, तर शॉट पण ५ मिलिमीटरच बाजूला जातो, आणि तो दहाच असतो. पण हात अगदी दगडासारखा स्थिर आहे आणि पुढची साईट खाचेत नुसती १ मिलिमीटर तिरकी झाली, तर दोन साईटमधलं अंतर साधारण ३५ सेंटीमीटर धरलं की १० मीटरवर तो १ मिलिमीटर २८ मिलिमीटरच्या पुढे जातो आणि तुम्हाला मिळतो सात. म्हणजे हात हलला त्याने फारसं बिघडत नाही, साईट बिघडली की सगळं बिघडतं, आणि ती बहुतेक वेळा ट्रिगर झटक्यात ओढल्यामुळे बिघडते. आता जो कोच दिवसभर "हात हलवू नको, हात हलवू नको" ओरडतोय त्याला हे गणित माहीत नाही किंवा तो विसरलाय. हात तर सगळ्यांचा हलतो, ऑलिम्पिकवाल्यांचाही हलतो. चांगला कोच म्हणतो हलू दे, साईट बघ, टार्गेट धूसर दिसू दे, ट्रिगर हळू घे. तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या हे वाक्य कानावर पडतंय का ते ऐका.

आणि कोरा कागद. टार्गेट उलटं लावून पांढऱ्या बाजूवर शॉट मारायला लावणारा कोच दिसला तर मनातल्या मनात नमस्कार करा. समोर काळा गोल नाही म्हणजे दहाचा मोह नाही, पोरगं फक्त साईट आणि ट्रिगर बघतं. मग कागद आणून कोच बघतो सगळी भोकं एका जागी जवळजवळ आहेत का, म्हणजे ग्रुपिंग. ग्रुप कुठं बसलाय हे नंतरचं काम, साईटचा स्क्रू दोन खाचा, म्हणजे दोन क्लिक, फिरवला की तो मध्ये येतो.

या क्लिकवरून माझीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. शिकवायला लागून दुसरंच वर्ष होतं, एक मुलगा होता, गुणी पोरगं, स्टेटला १० दिवस राहिलेले आणि त्याचे सगळे शॉट डावीकडे खाली चाललेले. कारण उघड होतं, तो ट्रिगर झटकत होता. ते सुधारायला दोन महिने लागले असते. मी काय केलं, क्लिक मारले. साईटच फिरवून ठेवली, झटका मारला की दहात. स्टेटला पोराचा पर्सनल बेस्ट आला, आईबाप पेढे घेऊन आले, आणि मी पण फोटो लावला भिंतीवर. पुढचे आठ महिने ते पोरगं मॅचला शांत असलं की शॉट उजवीकडे वर जायचे आणि टेन्शनमध्ये असलं की मध्ये. त्याला कळेचना की आपलं काय चुकतंय, कळणार कसं, चूक माझी होती. शेवटी त्याने सोडलं. त्यामुळे तुमची मुलगी महिन्याभरात घरी येऊन "सरांनी क्लिक मारले आणि लगेच दहा आले" असं खुशीत सांगायला लागली तर खुश होऊ नका, जाऊन विचारा.

सुरुवातीला पेलेट किती देतात हेही बघा. नवीन पोराच्या हातात पहिल्याच दिवशी डबा देऊन "मार" म्हणणारी जागा म्हणजे जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं उभं राहणं, होल्डिंग (पिस्तूल नेमावर धरून ठेवणं), रिकाम्या पिस्तुलाने ड्राय फायर, डोळे मिटून हात वर न्यायचा आणि डोळे उघडल्यावर हात कुठं गेलाय ते बघून पाय सरकवायचे (हात ओढून टार्गेटवर आणायचा नाही, पाय हलवायचे, हे ज्याला शिकवलेलं नसतं तो पुढं खांदा दुखवून घेतो). हे सगळं कंटाळवाणं असतं, पोरं कुरकुरतात, पालक तर त्याहून जास्त कुरकुरतात की आम्ही फी भरली आणि अजून एक गोळी नाही मारली. माझ्या कोचने मला जवळजवळ महिनाभर पेलेटला हात लावू दिला नव्हता, पिस्तुलाच्या नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचे आणि ट्रिगर दाबल्यावर नाणं पडलं की परत पहिल्यापासून. तेव्हा रडू यायचं. आज मी तेच करते आणि पोरं माझ्यावर चिडतात.

तुमची मुलगी १२ ची आहे म्हणून आणखी एक. एअर पिस्तूल किलोभराचं असतं, नियमात जास्तीत जास्त दीड किलो चालतं, आणि ते एका हातात, हात पूर्ण लांब करून धरायचं असतं. तुम्ही एकदा लिटरची पाण्याची बाटली तशी धरून बघा मिनिटभर. बारा वर्षांच्या मनगटाला ते एकदम देत नाहीत, सुरुवातीला स्टँडचा आधार देतात, हवेच्या छोट्या सिलेंडरचं हलकं पिस्तूल देतात, ग्रिप (पिस्तुलाची मूठ) तिच्या पंजाच्या मापाची देतात. मोठ्या माणसाच्या ग्रिपमध्ये छोटा पंजा गेला की बोट ट्रिगरवर नीट पोचतच नाही, मग ती सगळा हात वळवून ट्रिगर घेते आणि ती सवय पुढे वर्षभर जात नाही. रायफलवाल्यांचा वेगळा त्रास असतो, कमरेतून मागे वाकून उभं राहावं लागतं, वाढत्या वयात व्यायाम न करता ते केलं की पाठ बोलायला लागते. म्हणून विचारा की रेंजबाहेरचा व्यायाम कोण घेतं, किती वेळ घेतं. "शूटिंगला फिटनेस लागत नाही" असं म्हणणारा माणूस भेटला तर निघा तिथून.

मोठा लाल झेंडा कुठला म्हणाल तर आठव्या-दहाव्या दिवशी "स्वतःचं वेपन घेऊन टाका" हा सल्ला. चांगलं मॅच पिस्तूल, मग ते मोरिनी असो, स्टायर असो, वाल्थर असो, लाखाच्या पुढचंच काम आहे, आणि काही ठिकाणी कोचचा धंदा फीवर चालत नाही, वेपन विकण्यावर चालतो. रायफलला तर जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लोव्ह असा सगळा लग्नाचा बस्ता असतो. मी स्वतः सहा महिने क्लबचं पिस्तूल वापरायला लावते, त्यात निम्मी पोरं गळतात आणि आईबापाचे पैसे वाचतात. आणि घेताना डोळा तपासला का विचारा, उजव्या हाताच्या पोराचा डावा डोळा जोरकस (नेम धरताना आपसूक पुढे होणारा) असणं अगदी नेहमीचं आहे, हे पहिल्या आठवड्यात न बघणाऱ्या कोचने पुढं काय बघितलं असणार.

आता सेफ्टी. इथं मी जरा खडूस आहे. रेंजवर पाय ठेवल्यावर पाच मिनिटांत कळतं. फायरिंग चालू नसताना प्रत्येक वेपनमध्ये सेफ्टी फ्लॅग, ती रंगीत दोरी, घातलेली आहे का? कोणी पिस्तूल हातात घेऊन मागे वळून मित्राशी बोलतंय का? कोणी टार्गेट बदलायला पुढे गेलंय आणि शेजारच्या लेनवर पोरगं पिस्तूल हाताळतंय, असं दिसलं आणि कोच ओरडला नाही, तर कितीही मोठं नाव असू दे. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड या कमांड रोज दिल्या जातात की फक्त मॅचच्या दिवशी? एअर पिस्तुलाने काय होतंय असं लोकांना वाटतं, डोळा जायला ते पुरेसं आहे. लायसन्स लागत नाही याचा अर्थ खेळणं आहे असा नाही, आपल्याकडे .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर वेपनला लायसन्स नाही एवढंच. सिलेंडर पण बघायला मागा. त्यात २०० बारपर्यंत हवा भरतात आणि त्यावर बनवल्याची तारीख छापलेली असते, १० वर्षांच्या वरचं सिलेंडर वापरायचं नसतं. जुनी सिलेंडरं अजून भरून देणाऱ्या जागा मी पाहिल्यात.

आणि शिसं, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. पेलेट शिशाचे असतात, टार्गेटमागच्या ट्रॅपवर (पेलेट अडवणाऱ्या पेटीवर) आपटून त्याची बारीक धूळ होते. बेसमेंटवाल्या जागेत म्हणून मी आधी नाकाने तपासते, हवा खेळती आहे का, एक्झॉस्ट चालू आहे की नुसता लावलाय. सकाळी मावशी कोरडा झाडू मारतायत आणि धूळ उडतेय असं दिसलं तर ते चूक आहे, ओलं पुसायला पाहिजे. फायरिंग लाईनवर वडापाव खाणारी पोरं दिसली तर तेही. पेलेट हाताळून झाले की साबणाने हात धुवायचे हा नियम आणि बेसिनला खरंच साबण आहे का, हे बघा. ही हास्यास्पद तपासणी वाटेल, पण ज्या रेंजवर बेसिनला साबण असतो तिथं बाकीच्या गोष्टी पण जागेवर असतात असा माझा अनुभव आहे.

टेप घेऊन जा, सांगतेच. फायरिंग लाईनपासून टार्गेट १० मीटर, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर, पाच सेंटीमीटर इकडे तिकडे चालतं. बेसमेंटमध्ये जागा कमी पडली म्हणून नऊ मीटरला टार्गेट लावलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि तिथली पोरं आपापल्या स्कोअरवर खुश होती, स्टेटला जाऊन तोंडावर आपटली. टार्गेटवर उजेड भरपूर पाहिजे, नियमाप्रमाणे १५०० लक्स, मोबाईलच्या ॲपने साधारण अंदाज येतो.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवाली जागा म्हणजे आपोआप चांगली असं नाही. मॅच त्याच्यावर होतात म्हणून सवय पाहिजे हे खरं, पण नवीन पोराला प्रत्येक शॉटनंतर स्क्रीनवर ९.३, १०.१ दिसलं की ते शॉट मारायचा सोडून स्क्रीन बघायला लागतं, हात खाली येण्याआधी मान वळते. चांगल्या ठिकाणी सुरुवातीला स्क्रीन चक्क झाकून ठेवतात. उलट सुभेदार साहेबांच्या हॉलमध्ये कागदी टार्गेट आणि हाताने फिरवायची पुली असेल तर त्याने काही बिघडत नाही. फौजी माणसाची शिस्त, सेफ्टी एक नंबर असते, पण एक विचारा, त्यांनी रायफल शिकवलीये की १० मीटर पिस्तूल? फौजेतलं फायरिंग वेगळं आणि हा खेळ वेगळा. एका मिनिटात एक शॉट, ६० शॉट, ७५ मिनिटं, इथं गडबड करणाऱ्याचं काम नाही. त्यांनी खेळाचा कोर्स केलाय का, आंतरराष्ट्रीय फेडरेशनचे डी, सी, बी, ए असे कोचचे टप्पे आहेत, त्यातला एखादा केला असेल तर उत्तम, नसेल तरी नुसत्या कागदावरून नाही म्हणू नका.

मोठा खेळाडू म्हणजे मोठा कोच का, हाही प्रश्न येतोच. नेहमी नाही. पण आपल्याकडे सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे दोघी २००४ ला अथेन्सला ऑलिम्पिक खेळल्या आणि दोघीही कोच म्हणून तेवढ्याच मोठ्या झाल्या, पॅरालिम्पिक सुवर्णवाली अवनी लेखरा सुमाताईंकडची आणि स्वप्नील कुसाळे दीपालीताईंकडचा. त्या स्वप्नीलचंच बघा, कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आलेला, रेल्वेत नोकरी करत करत २०२४ ला पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून) ४५१.४ मारून ब्राँझ, आणि ते त्याचं पहिलंच ऑलिम्पिक. रायफलवाली तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि पहिलं ऑलिम्पिक खेळली टोकियोला, वयाची चाळीस वर्षं पूर्ण झाल्यावर. हे मुद्दाम सांगतेय कारण "सहा महिन्यांत स्टेट मेडल गॅरंटी" असा बोर्ड लावणारे लोक आहेत. ती गॅरंटी कशी देतात तेही सांगते. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांच्या इव्हेंटबरोबर राष्ट्रीय नियमांच्या वेगळ्या इव्हेंट असतात, ओपन साईट रायफल वगैरे, वयाचे गट भरपूर, एखाद्या गटात स्पर्धकच मोजके, तिथं नाव घातलं की मेडल येतं. मेडल खोटं नसतं, पण ते कशातलं आहे ते विचारायचं.

वेपनची माहिती देतात का हे पण महत्त्वाचं. टोकियोला मनूचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि फायनल हुकली, आठवत असेल. तुमच्या मुलीला सहा महिन्यांनी पिस्तूल पुसता येतं का, हवेचं प्रेशर बघता येतं का, की प्रत्येक गोष्टीला "सर, हे बघा ना"? आणि डायरी. पोरांकडे डायरी असेल तर एखाद्या मुलीला हसून विचारा, दाखवतेस का. नुसते आकडे लिहिलेले असतील तर ती घरचा अभ्यास आहे. "आज ट्रिगरला घाई, तिसऱ्या सिरीजनंतर खांदा वर" असं काही लिहिलं असेल आणि खाली कोचच्या अक्षरात एखादी ओळ असेल, तर तिथं ॲडमिशन घ्या, फी जास्त असली तरी.

मुलगी आहे म्हणून स्पष्ट बोलते, राग मानू नका. स्टान्स सुधारताना कोचला हात लावावा लागतो, कोपर, खांदा, कंबर. नीट कोच आधी तोंडाने सांगतो, मग स्वतः उभा राहून दाखवतो, आणि तरी नाही जमलं तर "हात लावू का" विचारून सगळ्यांसमोर दुरुस्त करतो. दार बंद करून वन-टू-वन, पालकांनी बाहेर थांबायचं, बाहेरगावच्या मॅचला लेडी कोच किंवा पालक सोबत नाही, असं काहीही असेल तर कितीही चांगला कोच असला तरी नको.

एका कोचकडे एका वेळी ८-१० पेक्षा जास्त पोरं असतील तर नजर पोचत नाही. २५ पोरांची बॅच म्हणजे ट्युशन क्लास.

मेव्हण्याचं वेगळं आहे. १० मीटर एअर रेंजवर त्याचं वेपन चालणारच नाही, ते आणायचंही नाही तिथं. २०१६ च्या शस्त्र नियमांत लायसन्स घेणाऱ्यांसाठी सेफ्टी ट्रेनिंगची तरतूद आहे, ते मान्यता असलेल्या ठिकाणीच घ्यायचं, रायफल असोसिएशनमध्ये चौकशी करा. तिथला शिकवणारा जोखायची माझी पद्धत एकच, पहिल्या तासात तो काय शिकवतो? अनलोड कसं करायचं, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्याने आणि बोटाने कसं तपासायचं, घरी गोळ्या वेगळ्या आणि वेपन वेगळं कुलपात कसं ठेवायचं, हे शिकवत असेल तर बरोबर. पहिल्याच तासात ड्रॉ करायला (कमरेवरून झटकन पिस्तूल काढायला) आणि सिनेमासारखं उभं राहायला शिकवत असेल तर मेव्हण्याला घरी आणा.

तुमच्या तीन ठिकाणांपैकी मी आधी हॉलवाल्या सुभेदारांकडे जाईन, मग इलेक्ट्रॉनिकवाल्यांकडे, बेसमेंटला सगळ्यात शेवटी आणि टेप घेऊन. जायच्या आधी घरी एक करा, मुलीला दोन्ही हात लांब करून अंगठ्यांच्या मध्ये छोटी फट करायला सांगा, त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला सांगा. ज्या डोळ्याने घड्याळ फटीतच राहतं तो तिचा जोरकस डोळा. हे कोचला सांगू नका, तो स्वतःहून तपासतो का ते बघा. आणि तिला सपाट तळाचे बूट घालून न्या, सँडल नको.